2 टक्के सोडून लवकर पेमेंट की 60 दिवसांनी पूर्ण बिल?

मेन कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय बिलात 2 टक्के सोडा तर 10 दिवसांत पेमेंट, नाहीतर पूर्ण रक्कम 60 दिवसांनी, काय घ्यावं असं त्याच्या हाताखाली काम घेणाऱ्या एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरने विचारलंय. आधी खर्च बघा, 50 दिवस लवकर पैसे मिळावेत म्हणून 2 टक्के सोडणं म्हणजे वर्षाला साधारण 15 टक्के व्याज भरल्यासारखंच आहे, तुमचा बँकेचा ओव्हरड्राफ्ट (खात्यात असलेल्यापेक्षा जास्त पैसे व्याजाने काढायची सोय) त्याहून स्वस्त असेल तर थांबलेलं परवडतं. पण रिस्क वेगळी हो, 60 चे 90 कधी होतात कळत नाही आणि मजुरांचा पगार तर थांबवता येत नाही. फोन करत बसायचा त्रासही त्यातच जास्त. रिटेन्शन, म्हणजे कामाची हमी म्हणून बिलातून काही काळ रोखून ठेवलेली रक्कम, बहुतेक दोन्हीकडे कापतातच. मजुरीचं काम जास्त असेल तर लवकरचं पेमेंट घ्या, ज्यांना मटेरियल उधारीवर मिळतं आणि पार्टी वेळेवर देणारी आहे त्यांनी पूर्ण बिलासाठी थांबावं.