नवा गुडघा, नऊ महिने आणि चाळीचा तिसरा मजला

उजवा गुडघा फेब्रुवारीत बदलला, आता नोव्हेंबर चाललाय. लोक मिक्सर घेतात आणि आठवड्यात मत देऊन मोकळे होतात. गुडघ्याचं तसं नाही. सहाव्या आठवड्यात मला विचारलं असतंत तर शिव्याच ऐकल्या असत्यात, म्हणून मुद्दाम थांबलो.

वय ६७. बेस्टमध्ये ३१ वर्षं कंडक्टर. धावत्या गाडीत गुडघे आवळून उभं राहण्यात उमेद गेली. झीज त्यानेच झाली असं डॉक्टर म्हणत नाहीत, ते वय धरतात, वजन धरतात, आईचेही गुडघे असेच होते तेही धरतात. राहायला लालबागला, चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या, संडास गॅलरीच्या टोकाला. हे आधीच सांगतो, कारण हॉस्पिटलच्या माहितीपत्रकातला म्हातारा बागेत फिरताना दाखवतात. त्याला संडासला कुठे जावं लागतं ते कोणी दाखवत नाही.

ऑपरेशनच्या आधीची पाच वर्षं तेल, लेप, पट्टा, ‘वंगणाची’ इंजेक्शनं यातच गेली. इंजेक्शनाने महिनाभर बरं वाटलं, की वाटून घेतलं, देव जाणे. एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून सांधा आतून साफ करू म्हटलं. माझी पुतणी फिजिओथेरपी शिकते, ती म्हणाली, “काका, थांबा जरा.” तिने सांगितलेली गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. २००२ साली अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला. झिजलेल्या गुडघ्यांचे १८० रुग्ण. काहींचा सांधा खरोखर दुर्बिणीने साफ केला, काहींना नुसते कातडीवर छेद देऊन टाके घातले. कोणाला काय केलं ते रुग्णाला ठाऊक नाही. दोन वर्षं मागोवा घेतला, तर साफ केलेले आणि नुसते शिवलेले, दोघांचं दुखणं सारखंच. ते पैसे माझे तिथेच वाचले.

मग तिने मला व्यायामाला जुंपलं आणि डेन्मार्कचं सांगितलं. २०१५ चा अभ्यास, सांधा बदलायच्या टप्प्याला आलेले १०० जण. अर्ध्यांना ऑपरेशन आणि वर व्यायाम. उरलेल्यांना फक्त व्यायाम, वजन उतरवणं, गोळ्या वगैरे. वर्षभराने ऑपरेशनवाले जास्त बरे होते, यात वाद नाही. पण दुसऱ्या गटातल्या साधारण तीन चतुर्थांश लोकांना त्या वर्षात ऑपरेशन करावंच लागलं नाही. मी आठ महिने इमानेइतबारे केलं, सहा किलो उतरवले. वजनाचा एक किलो कमी झाला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोंचा भार उतरतो, असं ती म्हणे. उतरला असेल. रात्रीचं ठणकणं मात्र गेलं नाही. मी त्या उरलेल्या एक चतुर्थांशातला निघालो.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. डॉक्टरांचे हात चांगले होते, काउंटरवरच्या माणसांबद्दल तेवढं म्हणवत नाही. आधी हाड कापायला मदत करणारा रोबोट गळ्यात मारायचा प्रयत्न झाला, त्याचे वेगळे पैसे. मी विचारलं, माझ्या चालण्यात काय फरक पडेल? उत्तर आलं, “हाड अचूक कापलं जातं.” असेल, मान्य. पण रुग्णाला त्याचा फरक कळतोच, असं अजून ठामपणे कोणी दाखवलेलं नाही म्हणे. नको म्हटलं. मग बिल. सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीला लगाम घातला. नेहमीचा कोबाल्ट-क्रोम धातूचा गुडघा, ज्याची एमआरपी तोवर सरासरी दीड लाखाच्या वर होती, तो जीएसटी सोडून ५४,७२० वर आणला. माझ्या बिलात इम्प्लांट बरोबर मर्यादेत होता, आणि ‘कन्झ्युमेबल्स’ (एकदा वापरून टाकायच्या वस्तू) नावाच्या एका ओळीने सगळी कसर भरून काढली होती. भांडलो, थोडं कमी झालं. बिलात इम्प्लांटची कंपनी आणि किंमत वेगळी दाखवायला लावा, आणि त्याचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर लावून घ्या. उद्या दुसऱ्या डॉक्टरांना आत काय बसवलंय ते कळायला नको?

ऑपरेशन पाठीत इंजेक्शन देऊन. कमरेखाली काही कळत नव्हतं, कान मात्र शाबूत. करवत चालतेय, हातोडी पडतेय, कोणीतरी माप मागतंय. सुताराच्या दुकानात पडल्यासारखं वाटलं. मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीवर धातूची बशी, मधे प्लास्टिकची जाड चकती, सगळं हाडाच्या सिमेंटने पक्कं. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभा केला. जुनं दुखणं, ते आतलं कुरतडणारं, त्याच क्षणी नव्हतं. हे खरं सांगतो. जे होतं ते जखमेचं दुखणं, आणि ते भरपूर होतं.

घरी आल्यावर पहिली चूक मायेपोटी झाली. हिने गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली, पाय जरा वाकलेला, मला स्वर्ग. दुसऱ्या दिवशी फिजिओवाली मुलगी आली, उशी उचलून लांब ठेवली आणि हिला म्हणाली, “काकू, ही उशी तुम्ही डोक्याखाली घ्या.” गुडघा वाकलेल्या स्थितीत ठेवला की तो तसाच आखडतो, मग सरळ होत नाही, आणि सरळ न होणारा गुडघा घेऊन माणूस जन्मभर लंगडतो. उशी टाचेखाली, गुडघा अधांतरी. वीस मिनिटं. ती वीस मिनिटं मी शत्रूवरही आणणार नाही.

त्या मुलीला मी मनातल्या मनात इन्स्पेक्टर म्हणायचो. हातात कोन मोजायची पट्टी, रोज आकडा. टाके काढायच्या दिवशी गुडघा ७५ अंश वाकत होता, पाहिजे होते ९०. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की वाकणं असंच अडकलं तर भूल देऊन वाकवावा लागेल. भीतीने का होईना, मी घोटे हलवणं, टाच ओढणं, पाय ताठ उचलणं दिवसातून चार वेळा केलं. सहाव्या आठवड्यात १०५. आता ११८ वर थांबलाय. जिना तिने शिकवला: चढताना शहाणा पाय (बिनऑपरेशनचा) आधी, उतरताना वेडा पाय (ऑपरेशनचा) आधी. चाळीतली पोरं माझ्यामागून “शहाणा, वेडा, शहाणा, वेडा” ओरडत चढायची. ५४ पायऱ्यांना पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली.

आता संडास. उकिडवं बसायचं नाही, हे डॉक्टर दोन शब्दांत सांगतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. पहिला महिना घरातच, मोरीजवळ, भांडंवाली कमोड खुर्ची. दहा बाय बाराच्या खोलीत, पडदा लावून, सून स्वयंपाक करतेय. लाजेने मी दोन दिवस जेवलोच नाही, मग पोट धरलं ते वेगळंच. नंतर देशी संडासावर ठेवायची लोखंडी चौकट आणली. ती रोज गॅलरीतून न्यायची कोणी? वॉकर धरलेल्या माणसाला चौकट धरता येत नाही. मुलगा ऑफिसला जायच्या घाईत ती खांद्यावर टाकून पुढे, मी मागे, रांगेतले लोक बाजूला. आठवड्याने शेजारच्या काकांनीच तोडगा काढला, चारातल्या शेवटच्या संडासात चौकट कायमची राहू दे. आता मजल्यावरची आणखी तीन म्हातारी माणसं तीच वापरतात आणि त्याला नाव पडलंय ‘खुर्चीवाला’. सकाळी सर्वांत लांब रांग तिथे.

नऊ महिन्यांनंतरची स्थिती. रात्री झोप लागते. करी रोडचा पूल न थांबता चढतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधिर आहे, तिथली बारीक नस छेदात जाते, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर दोन रात्री घाबरलो नसतो. संध्याकाळी सांधा अजून जरा गरम लागतो. चालताना कधीकधी टक् आवाज येतो, धातू आणि प्लास्टिक एकमेकांना लागतात त्याचा, दुखत नाही. आम्ही तिकिटाचा पंच वाजवत गाडीत फिरायचो ना, अगदी तसा. मेट्रोच्या दारात यंत्र माझ्या मांडीशी वाजतं, मी पँट जरा वर करून टाक्याची रेघ दाखवतो.

जमीन मात्र गेली. मांडी घालता येत नाही, गुडघ्यावर टेकता येत नाही. डॉक्टर म्हणाले टेकून पाहा, मोडणार नाही. पण त्या बधिर जागेवर वजन दिलं की खडीवर टेकल्यासारखं होतं. गणपतीत पाटावर मुलगा बसला, मी खुर्चीत. आरतीला सगळे उभेच असतात म्हणून त्यात खपून गेलं. पंगतीला खुर्ची मागावी लागते ते अजून जड जातं.

पुतणीचं म्हणणं, मी नशीबवान. ऑपरेशन झालेल्या साधारण पाचातल्या एकाचं दुखणं पुढेही त्रासदायक राहतं, एक्स-रे चांगला असूनही. हे ऑपरेशनआधी मला कोणी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं. टिकण्याचं म्हणाल तर २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या हिशोबात १०० पैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षं टिकतात. मला तेवढे पुरतील. दात काढायला गेलात तर डॉक्टरांना आत धातू आहे हे सांगा, कुठेही पू झाला तर अंगावर काढू नका.

डावाही कुरकुरतोय. डॉक्टर म्हणतात जानेवारीत उरकून टाकू. मी अजून डबल बेल दिलेली नाही, व्यायाम चालू आहे, आणखी तीन किलो उतरवायचेत. वॉकर गॅलरीत उभा आहे, त्यावर हिचे टॉवेल वाळतात. ती विचारत होती भंगारवाल्याला द्यायचा का. म्हटलं, असू दे, टॉवेल तर वाळतायत.