शिडीच्या नक्षीचे तयार बिलेट: पोलाद उत्तम, शिडी उथळ

स्वतःच्या भट्टीत पोलादाचे थर सांधण्याइतकी जागा किंवा यांत्रिक घण ज्याच्याकडे नाही, अशा हौशी सुरीकाराला तयार बिलेट, म्हणजे थर आधीच सांधून दिलेली पोलादाची पट्टी, ही मोठीच सोय असते. मी मागवलेली पट्टी २५० मिलिमीटर लांब, ४० रुंद आणि ६ जाड होती; १०९५ आणि १५एन२० या पोलादांचे थर आलटून पालटून सांधलेले. १५एन२०मध्ये सुमारे २ टक्के निकेल असल्यामुळे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ते उजळ राहते, शेजारचे १०९५ काळवंडते आणि नक्षी उमटते. विक्रेते याला सरसकट दमास्कस म्हणतात. जुन्या दमास्कस तलवारींशी ज्याचे नाव जोडले जाते ते दक्षिण भारतातील मुशीत तयार होणारे वूट्झ पोलाद ही वेगळी गोष्ट.

पट्टी नरम करून पाठवलेली होती, त्यामुळे साध्या ड्रिलने मुठीची भोके सहज पडली. मात्र कापण्यापूर्वी कडा घासून द्रावणात बुडवल्या, तेव्हा एका टोकापासून सुमारे १५ मिलिमीटर आत गेलेली बारीक काळी रेघ दिसली. तेथे थर जुळलेच नव्हते. टोकाचा सांधा बऱ्याचदा कच्चा राहतो आणि तेवढा तुकडा बनवणाऱ्यानेच छाटायचा असतो. येथे तो छाटला नव्हता आणि त्याचे पैसे मात्र मी मोजले.

याहून मोठी तक्रार नक्षीविषयी आहे. शिडीच्या पायऱ्यांसारखी दिसणारी ही नक्षी उमटावी म्हणून पट्टीच्या दोन्ही बाजूंना आडव्या खाचा पाडतात आणि मग ती तापवून सपाट ठोकतात. खाचा उथळ राहिल्या, तर मधल्या थरांपर्यंत वळण पोहोचत नाही. पात्याची धार नेमकी त्या मधल्या थरांतच येते. म्हणून माझ्या सुरीच्या पाठीजवळ पायऱ्या ठसठशीत आहेत आणि धारेकडे त्या विरत जाऊन साधे पट्टे उरले आहेत. विक्रेत्याच्या छायाचित्रात न घासलेली सपाट पट्टी होती, त्यामुळे हे आधी कळण्याचा मार्गच नव्हता.

पोलादाबद्दल मात्र तक्रार नाही. सुमारे ८०० अंश सेल्सियसला तापवून तेलात बुडवल्यावर (आपण त्यालाही 'पाणी देणे'च म्हणतो) कानस पात्यावरून घसरू लागली, म्हणजे पाते कडक झाले होते. नंतर २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा शेकले. पाते वाकले नाही, कोठे चीरही गेली नाही. पुढची पट्टी मी याच विक्रेत्याकडून घेईन, पण शिडीची नाही.