नाशिकमधला बेघर निवारा : आत सगळं चांगलं, अडचण गेटवर

मी रात्रीची रिक्षा चालवतो, नाशिकरोड स्टेशन, द्वारका, सीबीएस, पंचवटी असा फेरा असतो. पेशंटचे नातेवाईक, बाहेरगावचे मजूर, घरातून निघालेली म्हातारी माणसं सगळे भेटतात आणि बऱ्याच जणांचा प्रश्न एकच, भाऊ रात्र काढायला जागा कुठंय. म्हणून शहरातल्या एका बेघर निवाऱ्याबद्दल लिहितोय. सरकारी योजनेतला आहे, चालवायला एका संस्थेकडे दिलाय. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं राबणारी माणसं चांगली आहेत आणि जे चुकतंय ते त्यांच्या हातात नाहीये.

जानेवारीची गोष्ट. निफाडचा पारा घसरला की नाशिकला पण रात्री बाहेर बसवत नाही, आणि नदीच्या कडेला तर हाडं गोठतात. गाडगे महाराज पुलाच्या खाली एक बाबा पोत्यावर बसलेले दिसले, अंगावर शेडनेटचा हिरवा तुकडा, पांघरूण म्हणून. मी रिक्षा थांबवली तर घाईघाईने उठून पोतं गोळा करायला लागले. त्यांना वाटलं भिकारी उचलायची गाडी आली. मी म्हणलं बाबा रिक्षावाला आहे मी, चहा घेता का, तेव्हा खाली बसले. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून चालू आहे, त्यामुळे आयुष्यात कधी हात न पसरलेला माणूस पण समोर गाडी थांबली की पळायला बघतो.

बाबा सुरगाण्याकडचे. पंचवीस वर्षं दिंडोरी पिंपळगावला द्राक्षाच्या छाटणीला यायचे, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. डोळ्यात मोतीबिंदू वाढला तसं टोळीवाल्याने नेणं बंद केलं, डोळा चुकला की कात्री चुकते आणि वेलाची काडी वाया जाते. मग हॉटेलात भांडी घासली, मग तेही सुटलं. मुलाचं विचारलं तर गप्प बसले, मी पण परत विचारलं नाही.

निवाऱ्यावर पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. गेटला कुलूप. वॉचमन आला आणि पहिला शब्द, आधार दाखवा. आता आधार कुठून आणायचं, पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी चढलं त्या दिवशी बाबांची पिशवीच वाहून गेली, आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, डोळ्याच्या दवाखान्याचा केसपेपर, सगळं गोदावरीत. वॉचमन म्हणाला, "भाऊ, मला वरून सांगितलंय, कागद नसेल तर पोलिसांचं पत्र पाहिजे, उद्या काही झालं तर माझ्या अंगावर येईल." त्याचंही खोटं नव्हतं. पण बाबा गेटचा गज धरून उभे होते आणि थंडीने हात इतका थरथरत होता की कुलूप वाजत होतं. अर्धा तास गेला. शेवटी बोर्डावरच्या नंबरला फोन लावला, केअरटेकर ताई झोपेतून उठल्या आणि एवढंच म्हणाल्या की घ्या आत, कागदाचं मी सकाळी बघते.

आतलं मात्र मनापासून चांगलं आहे. लोखंडी कॉट, गादी, दोन चादरी आणि जाड ब्लँकेट, ब्लँकेटला वास नाही. संडास बाथरूम धुतलेलं, सकाळी गरम पाणी. प्रत्येकाला छोटं लॉकर. बाबांनी लॉकरमध्ये काय ठेवलं तर छाटणीची कात्री, फडक्यात गुंडाळलेली, तेल लावून. पुरात पिशवी गेली पण कात्री कमरेला होती म्हणून वाचली. लॉकरची चावी त्यांनी करगोट्याला बांधली आणि दोनदा ओढून बघितली.

ताईंनी पुढे जे केलं त्याला तोड नाही. आधारच्या केंद्रावर नेलं तर अंगठा लागेना, इतक्या वर्षांच्या कात्रीने आणि काडीने बोटांच्या रेषा झिजलेल्या, डोळा लावायचा तर मोतीबिंदू. दहाच्या दहा बोटं तेल लावून, पुसून, परत परत लावली. दोन खेपा वाया गेल्या, तिसऱ्या खेपेला उजव्या हाताची दोन बोटं लागली आणि जुना नंबर सापडला. पत्त्यासाठी निवाऱ्याच्या प्रमुखाचं पत्र दिलं, मान्यताप्राप्त निवाऱ्याचं पत्र आधारला चालतं, हे बऱ्याच लोकांना माहीतच नाही. मला पण नव्हतं.

माझी खरी तक्रार इथंच आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ ला आलं, त्यातून शहरी बेघरांसाठी निवारे मंजूर झाले. ताईंनी मला त्याच्या सूचना दाखवल्या. निवाऱ्यात आलेल्या माणसाला ओळखपत्र, रेशन, बँकेचं खातं, मतदार यादीत नाव, पेन्शन हे सगळं मिळवून द्यायचं असं त्यात लिहिलंय. म्हणजे कागद हा आत आल्यावर मिळायचा आहे. आणि आपण तोच कागद गेटवर मागतोय. ज्याच्याकडे पत्ता असलेला कागद आहे तो बहुतेक वेळा पुलाखाली झोपतच नाही हो. रजिस्टरमध्ये नाव लिहा, फोटो काढा, सकाळी चौकशी करा, पोलिसांना यादी पाठवा, सगळं करा, पण रात्री अकरा वाजता दार उघडा. तसंच चोवीस तास चालू असं योजनेत आहे आणि इथं दहाला कुलूप लागतं. केटरिंगची, हॉटेलची पोरं बारा एकला सुटतात, ती कुठं जाणार, ती माझ्याच रिक्षाच्या मागच्या सीटवर झोपायला मागतात.

दुसरं म्हणजे जागा. एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक कायमचा निवारा आणि माणशी ५० चौरस फूट हा योजनेचाच हिशोब. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४ लाख ८६ हजार होतं, म्हणजे तेव्हाच्याच आकड्याने चौदा पंधरा निवारे पाहिजेत, आणि पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव बाजूला शहर तेव्हापासून किती पसरलंय ते आपण बघतोच. सुप्रीम कोर्टाने अन्नाच्या हक्काच्या केसमध्ये २०१० लाच सगळ्या राज्यांना निवारे उभे करा म्हणून बजावलं होतं. देशभरात २०११ ला १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, ती मोजणी एकाच रात्रीत झाली होती, २८ फेब्रुवारीला. त्या रात्री माझ्यासारख्याच्या रिक्षात झोपलेलं पोरगं कुणी मोजलं असेल का, मला शंका आहे.

कुटुंबासाठी इथं सोय नाही. फुगे विकणारं एक जोडपं दोन लेकरं घेऊन आलं होतं, पुरुष आत चालेल बाई नाही म्हणलं, चौघं परत सिग्नलला गेले. योजनेत कुटुंबांचा, बायकांचा, आजारी आणि म्हाताऱ्यांचा असे वेगळे निवारे सांगितलेत. घरकुल योजनेचं लोक सांगतात, पण स्वतःची जागा असेल तर बांधायला पैसे किंवा फ्लॅटसाठी हिस्सा भरा, फुगेवाला कुठून भरणार.

ताईंचा पगार दोन दोन महिने अडकतो हे त्यांनी सांगितलं नाही, वॉचमनने सांगितलं. अभियानाची मुदत २०२४ ला संपली. असल्या जागा मुदतीवर चालवायच्या नसतात, थंडी दरवर्षी येते.

आता सिंहस्थ २०२७ चा. घाटावर कामं निघालीत, रस्ते होतायत, चांगलंच आहे. पण घाट मोकळा करा म्हणलं की पहिले हीच माणसं उठवली जातात आणि कुठं नेऊन सोडतात ते कळत नाही. याच नदीकाठी गाडगेबाबांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभी केली. एवढ्या खर्चात रामकुंडाच्या चालत्या अंतरावर एक कायमचा निवारा, बायकांच्या आणि कुटुंबांच्या वेगळ्या हॉलसकट, एवढं तरी व्हावं ही माझी हात जोडून विनंती आहे.

बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर आहे. आधार पोस्टाने निवाऱ्याच्या पत्त्यावर आलं.

पाचातले चार स्टार, एक गेटचा कापला. कुणाला रात्री नेणार असाल तर दहाच्या आत न्या, बोर्डावर केअरटेकरचा नंबर असतो तो आधी लावा, कागद नसेल तर तसं फोनवरच सांगून ठेवा. ब्लँकेट तिथं आहेत, पण पायमोजे आणि स्वेटर कमी पडतात, घरात जास्तीचे असतील तर धुऊन नेऊन द्या.