पाच वर्षांचं मूल: शाळा इंग्लंडची की फिनलंडची?

दोन्ही देशांत नोकरी मिळत असेल आणि घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल, तर पगाराच्या आकड्याआधी तिथला राष्ट्रीय अभ्यासक्रम बघा. वाचन, गणित, विज्ञान दोन्हीकडे आहेच. खरा फरक आहे तो मुलाकडे हिशेब कधी मागायचा, यात.

इंग्लंडमध्ये पाचव्या वर्षी रीतसर शिक्षण सुरू होतं. २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात प्राथमिक गणिताचं तर वर्षवार लिहिलेलं आहे, कधी काय यायला हवं ते. पहिलं वर्ष संपता संपता शिक्षक एकेका मुलाला जवळ बसवून ४० शब्द वाचायला लावतात. त्यातले २० शब्द भाषेत नसतातच. अशा शब्दाशेजारी एखाद्या काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे हा बनवलेला शब्द आहे हे मुलाला कळतं. पाठ केलेलं इथे कामी येत नाही, अक्षरांचे आवाज जुळवूनच वाचावं लागतं. जे मूल अडलं ते तेव्हाच लक्षात येतं आणि पुढच्या वर्षी त्याची पुन्हा तपासणी होते. ही मला या पद्धतीची मोठी जमेची बाजू वाटते. शाळेच्या चौथ्या वर्षातली पाढ्यांची परीक्षा मात्र पटत नाही: २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. सावकाश पण बरोबर उत्तर देणारं मूल त्यात मागे पडतं.

फिनलंडमध्ये पहिली सातव्या वर्षी. त्याआधीचं एक वर्ष पूर्वप्राथमिकचं, तेही सक्तीचं. तासातली ४५ मिनिटं शिकवणं, उरलेला वेळ सुट्टी. पहिल्या तीन इयत्तांत गुणांऐवजी शब्दांत शेरा देता येतो आणि नववीपर्यंत सर्वांसाठी अशी राष्ट्रीय परीक्षा नाही. स्वतःची काळजी घेणं, रोजचे व्यवहार सांभाळणं हेही अभ्यासक्रमात लिहिलेलं आहे. सुतारकाम आणि शिवणकाम मुलगा-मुलगी दोघांनाही. पण उशिरा सुरुवात करून जमतं कसं, याचं एक साधं कारण विसरू नका. फिनिश भाषा बोलतात जवळपास तशीच लिहितात. इंग्रजी स्पेलिंगला मुळातच जास्त वर्षं लागतात.

मूल सहाच्या आत असेल आणि तिथे मुक्काम लांबणार असेल, तर मी फिनलंड निवडेन. नऊ-दहा वर्षांचं असेल तर इंग्लंड. नव्याने आलेल्या मुलांसाठी फिनलंडमध्ये पूर्वतयारीचे वर्ग असतात, पण त्या वयात अनोळखी भाषेतून सगळे विषय शिकायचे म्हणजे मुलाची दमछाक होते. दोन-तीन वर्षांत पुन्हा देश बदलायचा असेल तरी इंग्लंडच सोयीचं.

मात्र इंग्लंडमधल्या अकॅडमी शाळांना (सरकारी पैशावर, पण स्थानिक प्रशासनापासून स्वतंत्र चालणाऱ्या) हा अभ्यासक्रम पाळण्यातून आजवर सूट मिळत आली आहे, त्यामुळे प्रवेशाआधी शाळेलाच विचारून घ्या. फिनलंडमध्ये राष्ट्रीय आराखड्यातला तपशील नगरपालिका भरते, तेव्हा तिथे चौकशी नगरपालिकेत करा.