आकेशियाची पिशवीतली रोपं: घ्यावीत का?

उत्तर ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनी, इंडोनेशिया इथली ही बाभूळ कोकणच्या जांभ्या कातळावरही तगते, सरपणाला उत्तम. रोप घेताना पिशवीचा तळ बघाच. मुळांचं वेटोळं झालं असेल तर नको, असं झाड पुढे वाऱ्यात आडवं होतं. सुरुवातीची पानं लाजाळूसारखी असतात, त्यावरून रोपवाटिकावाल्याशी भांडू नका. नंतर येणारी लांबट, वाकडी 'पानं' म्हणजे खरं तर चपटे झालेले देठ! रोपांपेक्षा बी स्वस्त पडतं. उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग रात्रभर गार पाण्यात ठेवायचं. हे टाळलं तर टणक सालीमुळे बी नुसतंच पडून राहतं. देवराईच्या आसपास मात्र लावूच नका, बी पसरतं.