जुळे सोलापुरातील रसायनशास्त्राची उन्हाळी बॅच : एका छोट्या वर्गाचे परीक्षण

दहावीचा शेवटचा पेपर झाला की सोलापुरात अकरावी-बारावीच्या खासगी वर्गांच्या जाहिराती रिक्षांच्या पाठीवर झळकू लागतात. त्यांत मागील वर्षीच्या गुणवंतांची छायाचित्रे असतात, पण वर्गात नेमके काय आणि कोणत्या पद्धतीने शिकवले जाते याविषयी एक ओळही नसते. म्हणून जुळे सोलापुरातील एका छोट्या वर्गाच्या उन्हाळी बॅचविषयी थोडे तपशिलाने लिहीत आहे. ही बॅच केवळ रसायनशास्त्राच्या पायाभूत संकल्पनांसाठी व गणितांसाठी आहे. भौतिकशास्त्र किंवा जीवशास्त्र तिच्यात नाही. माझ्या पुतणीने ती यंदा पूर्ण केली, आणि पालकांना मागच्या बाकावर बसण्याची मुभा असल्याने काही तास मीही ऐकले. वर्गाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे काही उणिवाही नोंदवल्या आहेत आणि त्या सरांशी प्रत्यक्ष बोलून झाल्या आहेत.

अशा बॅचची गरज का पडते, हे राज्य मंडळाचा अभ्यासक्रम पाहिल्यावर कळते. मोल म्हणजे अणू-रेणूंची ठरावीक मोठी संख्या मोजण्याचे एकक, जसे डझन म्हणजे बारा. त्याची पहिली ओळख नववीतच होते. परंतु दहावीत अभिक्रिया, आवर्त सारणी, धातू आणि कार्बनी संयुगे यांवर भर असल्यामुळे मोलची गणिते वर्षभर बाजूला पडतात आणि अकरावीत पहिल्याच धड्यात ती अचानक पुन्हा समोर येतात, तीही बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. आपल्याकडे एकाच बाकावर घरी तेलुगू बोलणारा, कन्नड बोलणारा आणि उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी शेजारी शेजारी बसलेला असतो. सर समजावतात मराठीत आणि फळ्यावर लिहितात इंग्रजी संज्ञा. ही सोय सेमी माध्यमाच्या मुलांइतकीच बाकीच्यांनाही मानवलेली दिसली.

या वर्गाचे खरे बलस्थान म्हणजे सूत्र शेवटी येते. पहिल्या आठवड्यात ‘वस्तुमान भागिले मोलर वस्तुमान’ हे समीकरण फळ्यावर लिहिलेच गेले नाही. सगळी गणिते त्रैराशिकाने सोडवली गेली : १८ ग्रॅम पाणी म्हणजे १ मोल, तर ९ ग्रॅम पाणी म्हणजे किती? त्यातही आकडेमोड करण्यापूर्वी प्रत्येकाने अंदाज सांगायचा असा दंडक आहे. ‘९ ग्रॅम पाण्यात रेणू जास्त की ९ ग्रॅम ग्लुकोजमध्ये?’ या प्रश्नावर निम्म्याहून अधिक मुलांनी ग्लुकोजच्या बाजूने हात वर केला, कारण त्याचा रेणू मोठा. सरांनी लगेच उत्तर दिले नाही. ग्लुकोजचे रेणूवस्तुमान १८० आणि पाण्याचे १८, म्हणजे तेवढ्याच वजनात जड रेणू कमी मावणार, हे मुलांकडूनच काढून घेतले आणि मग आकडे लिहिले : पाणी अर्धा मोल, ग्लुकोज ०.०५ मोल, म्हणजे पाण्यात रेणू दहापट. त्यानंतर ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात ही एका मोलमधील कणांची संख्या आली, तेव्हा ती नुसती पाठ करायची रक्कम राहिली नव्हती.

पुढे साखळी लांबली की त्रैराशिक अपुरे पडते, हे सरांना माहीत आहे. ग्रॅमवरून मोल, मोलवरून समीकरणातील गुणोत्तर आणि तिथून दुसऱ्या पदार्थाचे ग्रॅम अशा तीन पायऱ्या आल्या की ते एकके लिहून ती वर-खाली छाटण्याच्या पद्धतीवर येतात. एकक न लिहिलेल्या उत्तराला शून्य गुण, मग आकडा बरोबर असो वा चूक. काही पालकांना हे जाचक वाटले. मला ते योग्य वाटले, कारण सूत रंगवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करताना पदवीधर झालेली मुलेही नेमकी इथेच अडखळताना रोज दिसतात. ५ ग्रॅम सुताच्या लडीला २ टक्के छटा द्यायची असेल तर रंग ०.१ ग्रॅम लागतो, म्हणजे १ टक्का द्रावणाचे १० मिलिलिटर. हा हिशोब तोंडी व्हायला हवा. पण टक्का कशाचा, सुताच्या वजनाचा की द्रावणाचा, हा प्रश्नच डोक्यात येत नसेल तर पिपेट हातात घेऊन उपयोग नाही.

सर्वांत चांगला झालेला भाग म्हणजे मर्यादित अभिक्रियाकारकाचा, म्हणजे जो आधी संपतो आणि अभिक्रिया थांबवतो त्या पदार्थाचा; मुले त्याला लिमिटिंग रीएजंट म्हणतात. टेबलावर तीन बाटल्या होत्या आणि प्रत्येकीत बाजारात मिळणारे ४ टक्क्यांचे व्हिनेगर १०० मिलिलिटर. तीन फुग्यांत खाण्याचा सोडा अनुक्रमे २.१, ४.२ आणि ८.४ ग्रॅम तोलून भरला होता. सोड्याचे रेणूवस्तुमान ८४, म्हणजे हे ०.०२५, ०.०५ आणि ०.१ मोल झाले. फुगे बाटल्यांच्या तोंडावर ताणून बसवले आणि एकदम उभे केले. तिन्ही फसफसले, तिन्ही फुगले, आणि पहिल्या रांगेतील एका मुलाने दोऱ्याने घेर मोजून आक्षेप घेतला : सोडा दुप्पट घातला तरी दुसरा फुगा पहिल्याच्या दुप्पट झालेला नाही. आक्षेप रास्त होता. गोलाचे आकारमान दुप्पट झाले तरी त्याचा घेर साधारण सव्वापटच वाढतो, त्यामुळे दोऱ्याने घेतलेले माप इथे दिशाभूल करते.

सरांनी त्या मुलाला खाली बसवले नाही, ही या वर्गाची माझ्या मते सर्वांत मोठी शिफारस आहे. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग फुग्यांशिवाय, डिजिटल वजनकाट्यावर झाला. आधी व्हिनेगर आणि सोडा यांचे एकत्र वजन घ्यायचे, मग हळूहळू मिसळून वायू निघून जाऊ द्यायचा आणि वजन किती घटले ते पाहायचे. समीकरणाप्रमाणे पहिल्या बाटलीत १.१ ग्रॅम आणि दुसरीत २.२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघायला हवा. तिसरीत मुलांनी ४.४ ग्रॅमचे भाकीत केले. प्रत्यक्षात घट तीन ग्रॅमच्याही आतच थांबली. १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल सुमारे ४ ग्रॅम, त्याचे रेणूवस्तुमान ६०, म्हणजे आम्ल ०.०६७ मोलच आहे, सोडा ०.१ मोल असला तरी आम्ल संपले की अभिक्रिया संपली, आणि म्हणून वायू फार तर २.९ ग्रॅम. त्यातलाही थोडा द्रावणात विरघळून राहतो. हे पटवण्यासाठी सरांनी शांत झालेल्या तिसऱ्या बाटलीत आणखी व्हिनेगर ओतले आणि ती पुन्हा फसफसली; पहिल्या दोन बाटल्यांत ओतले तर काहीच झाले नाही.

समीकरणे संतुलित करण्याचा भाग मात्र नेहमीसारखाच, म्हणजे सराव आणि पुन्हा सराव असा आहे. अपवाद फक्त स्वयंपाकाच्या गॅसच्या उदाहरणाचा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधला गॅस पूर्ण जळाला तर किती कार्बन डायऑक्साइड तयार होईल, असे विचारल्यावर मुलांनी १४ किलोपेक्षा कमी आकडे सांगितले. प्रोपेनच्या एका रेणूपासून कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू, म्हणजे ४४ ग्रॅमपासून १३२ ग्रॅम. ब्यूटेनचा हिशोबही जवळपास तिप्पटच येतो. उत्तर सुमारे ४३ किलो. जास्तीचे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे, हे कळल्यावर लाव्हाझिएचा वस्तुमान अक्षय्यतेचा नियम वेगळा शिकवावा लागला नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने एवढे आहेत की इथेनॉलचे गणित येणारच होते : ३४२ ग्रॅम साखर आणि १८ ग्रॅम पाणी यांपासून किण्वनाने १८४ ग्रॅम इथेनॉल आणि १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. दोन्ही बाजूंची बेरीज ३६० येते. एका किलो साखरेमागे कागदावर सुमारे ५३८ ग्रॅम इथेनॉल मिळते, प्रत्यक्षात कमी, कारण यीस्ट काही साखर स्वतःच्या वाढीसाठी वापरते. शेकडा उत्पादन ही कल्पना यातून सहज उलगडली.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव छापील नोट्सची आहे, कारण तासाला जो काटेकोरपणा दिसतो तो तिथे नाही. वायूच्या गणितांत १ मोल म्हणजे २२.४ लिटर असे सरसकट दिले आहे. ही किंमत ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाची आहे. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार ठरवल्यापासून तीच किंमत २२.७ लिटर होते, आणि परीक्षेत कोणती अट दिली आहे हे वाचल्याशिवाय यांपैकी एकही आकडा वापरू नये. सोलापूरच्या ४० अंशांच्या उन्हात १ वातावरण दाबाला तोच मोल २५.७ लिटर जागा घेईल. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच असल्याने प्रत्यक्षात थोडी अधिकच. फुग्यांचा प्रयोग ज्या वर्गात झाला, तिथेच हे सांगितले जाऊ नये याचे आश्चर्य वाटते.

मोलची व्याख्याही जुनीच छापली आहे, १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंची. २० मे २०१९ पासून मोल हा ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात एवढ्या कणांचा, असा थेट संख्येनेच निश्चित झाला आहे. गणितांच्या उत्तरात यामुळे फरक पडत नाही, पण वस्तुनिष्ठ प्रश्नात गुण जाऊ शकतो. उत्तरसूचीत काही ठिकाणी क्लोरीन ३५ आणि काही ठिकाणी ३५.५ धरले आहे. निसर्गात क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ साधारण तीनास एक या प्रमाणात आढळतात म्हणून सरासरी ३५.५ येते, हे वर्गात उत्तम समजावले गेले होते. मग उत्तरसूचीने मुलांना गोंधळात का टाकावे?

दुसरी तक्रार संख्येची. प्रवेश घेताना तीस मुलांची बॅच सांगितली होती, प्रत्यक्षात बाके भरून मुले खिडकीशी खुर्च्यांवर बसत होती. वजनकाटा एकच असल्यामुळे प्रयोग पाहायला मिळतात, करायला मिळत नाहीत. आम्ल-आम्लारीच्या उदासिनीकरणाचे टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून त्याची तीव्रता मोजणे, तर फळ्यावरच उरकले गेले; ब्युरेटमधला एक थेंब जास्त पडून गुलाबी रंग कायम राहणे हे हाताने अनुभवल्याशिवाय मोलॅरिटीचे (एक लिटर द्रावणात किती मोल, याचे) गणित कोरडेच राहते. सामूचा (पीएचचा) भाग शेवटच्या दोन तासांत घाईने संपवला, तो नसता घेतला तरी चालले असते.

तास सकाळी ७ ते ९ असतो, त्यामुळे मुले ऊन चढायच्या आत घरी पोहोचतात. शुल्क ४,५०० रुपये, दोन हप्त्यांत, नोट्स त्यातच. प्रवेश परीक्षेच्या धर्तीवर मिनिटाला एक प्रश्न सोडवण्याचा वेग हवा असेल तर ही बॅच त्या कामाची नाही, आणि सर तसे पहिल्याच दिवशी पालकांना सांगतात. ज्या मुलांना गुणोत्तर-प्रमाणाचीच भीती आहे, त्यांच्यासाठी मात्र शहरात याहून शांतपणे शिकवणारे कोणी माझ्या पाहण्यात नाही. नोट्समधील चुकांची यादी सरांना दिल्यावर त्यांनी क्लोरीनची दुरुस्ती त्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दिली, २२.४ लिटरच्या पानावरील दुरुस्ती पुढच्या छपाईत होईल, असे ते म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात प्रवेश घेणाऱ्यांनी शुल्क भरण्यापूर्वी ते पान उघडून पाहावे आणि बॅचमध्ये नेमकी किती मुले घेणार, हे पावतीवर लिहून मागावे.