ॲक्सेसमधल्या सेव्ह केलेल्या पॅरामीटर क्वेऱ्या : आठ महिने वापरल्यावर

शनिवारी वाचनालयाच्या नव्या शोध-पानावर 'शिवाजी' टाकलं, तर एकही पुस्तक आलं नाही. काउंटरवरच्या काकू म्हणाल्या, "अरे, मागे अख्खं कपाट भरलंय की!"

परळचं आमचं वाचनालय वर्गणीवर चालतं. त्यामुळे जुनी ॲक्सेसची (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची) फाइल आणि एएसपीची (सर्व्हरवरच्या स्क्रिप्टनं बनणारी) पानं यांवरच भागवतो. आठ महिन्यांपूर्वी स्क्रिप्टमध्ये तुकडे जोडून लिहिलेली एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) मी काढून टाकली. क्वेऱ्या, म्हणजे हे प्रश्न, ॲक्सेसमध्येच सेव्ह केल्या आणि एडीओच्या (पान आणि डेटाबेस जोडणाऱ्या दुव्याच्या) कमांडमधून फक्त पॅरामीटर, म्हणजे शोधायचा शब्द किंवा तारीख, पाठवू लागलो. इंग्रजीत डिसूझा लिहिताना मध्ये जे एकेरी अवतरण येतं, त्यावर पान पडायचं. ते त्या दिवसापासून बंद झालं.

आता शनिवारचं. तीच क्वेरी ॲक्सेसमध्ये उघडली की पुस्तकं येत होती, पानातून शून्य. एरर असती तर निदान शोधता आली असती! दोन रात्री गेल्या. शेवटी सापडलं ते लाइक (मिळतंजुळतं शोधायचा एसक्यूएलमधला शब्द) याच्यापुढचं फुलाचं चिन्ह (*). ॲक्सेसच्या खिडकीत 'पुढे काहीही' म्हणजे ते फूल, पण एडीओमधून गेलं की टक्क्याचं चिन्ह (%) लागतं आणि फूल हे साधं अक्षर ठरतं. लाइकऐवजी 'ए-लाइक' (ALIKE) लिहून टक्का दिला की दोन्हीकडे चालतं. एवढी एक गोष्ट ठळक कुठे लिहिलेली असती, तर माझी झोप गेली नसती.

रागात सगळं परत स्क्रिप्टमध्ये न्यायला निघालो होतो. मग वर्गणीच्या थकबाकीची यादी आठवली. जुन्या पद्धतीत ०५/०४ ही तारीख दोन हॅशच्या (#) मध्ये गेली की महिना आधी धरला जायचा, म्हणजे ५ एप्रिलचा ४ मे व्हायचा. १३/०४ मात्र बरोबर, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे यादी अर्धी खरी, अर्धी खोटी, आणि वर्गणी भरलेल्या माणसाला आम्ही थकबाकीदार म्हणायचो. पॅरामीटरचा प्रकार तारीख असा जाहीर केला, स्क्रिप्टमध्ये डेटसीरियलनं (वर्ष, महिना, दिवस वेगळे देऊन) तारीख बनवली, आणि तो घोळ मिटला. म्हणून नाही हलवलं.

पॅरामीटरची नावं पाहिली जात नाहीत, क्रम पाहिला जातो. जाहीर केलेल्या ओळीतल्याच क्रमानं पाठवा. आणि क्वेरीत एनझेड (रिकाम्या जागी दुसरी किंमत देणारं) हे फंक्शन असेल तर ते पानातून चालत नाही, तिथे आयआयएफ (अट पाहून दोनातली एक किंमत देणारं) वापरा. काकूंना सोमवारी 'शिवाजी' पुन्हा शोधायला लावलं. यादी आली, तेव्हा त्यांनी कपाटाशी एकेक पुस्तक ताडून पाहिलं.